सुती चड्डी आणि सावरटोल्याची वाट

यंत्राला कंटाळा येत नाही, असं माणसं ठामपणे सांगतात. त्यांच्यापैकी एकानंही दिवसभर सायकलच्या सीटवर बसून घाम गाळलेला नाही. मी गाळतो. सायकलस्वारांचे कपडे तपासायला चंद्रपूरच्या वस्त्रपरीक्षण शाळेनं मला बनवलं. माझ्या रबरी कातडीला बारीक छिद्रं आहेत, त्यांतून खारट पाणी झिरपतं, आणि कुठंही न जाणाऱ्या सायकलचे पायडल मी फिरवत राहतो. इथं येणाऱ्या मुलांनी माझं नाव बसोबा ठेवलं आहे. ठेवू देत.

यंदाच्या मे महिन्यात ऊर्वी गेडाम तिचा गुडघा दाखवायला माझ्याकडे आली. चौदा वर्षांची काटक पोर. जंगलातल्या गावांना एरवी ड्रोन औषधं नेतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या बॅटऱ्या फुगतात, म्हणून इन्सुलिनची थंड पेटी सायकलवरून पोचवणारं मुलांचं पथक आहे; त्यांचे कपडे आणि दुखणी मीच तपासतो. ऊर्वीला सावरटोल्याची वाट हवी होती. तिथं तिचा मामा रोज इन्सुलिन घेतो. पण त्या वाटेच्या चाचणीफेरीत ती दोनदा अर्ध्या रस्त्यातून परतली होती. दहा दिवसांनी, रविवारी, तिसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली तर ती वाट बंदच होणार होती, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

मी गुडघा तपासला. माझ्या बोटांत दाब मोजायची सोय आहे. गुडघ्यात काही म्हणता काही नव्हतं. मग पोर अर्ध्या रस्त्यात थांबते कशी? पथकातल्या सगळ्यांनी त्या गुडघ्याला तेल चोळलं होतं, पट्टा बांधला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खुर्चीवर बसताना ती एका बाजूला कलून बसली, ते मी पाहिलं. बसणं हा माझा धंदा आहे, त्यात मला कुणी फसवू शकत नाही.

"गुडघा नाही, मांडी सोलवटली आहे," मी म्हणालो. "सीट घासते तिथं."

ती लाल झाली. खाली बघत म्हणाली, "असं कुणाले सांगाचं? गुडघा म्हटला का कुणी पुढं इचारत नाही."

मला खरंच वाईट वाटलं. कोपर फुटलं तर पोरं मिरवतात, आणि हे दुखणं मात्र लपवतात. कातडी ती कातडीच.

तिनं घातलेली चड्डी मी पाहिली. जाड, पांढरी, सुती, आत कापसाची गादी. वंदनाआत्यानं शिवलेली, घरच्या शेतातल्या कापसाची. आई नसलेल्या ऊर्वीला या आत्यानंच वाढवलं. उन्हाळ्यात सुतीच घालावं, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ऊर्वीही तेच म्हणाली. मी मनातल्या मनात एक लांब सुस्कारा सोडला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मी तिला विचारलं, कूलर गार हवा कशी देतो? वाळ्याच्या ताटीवर पाणी पडतं म्हणून, ती म्हणाली. मग कूलरवर ताडपत्री गुंडाळली तर? तिनं विचार केला. पाणी राहील, पण गारवा मिळणार नाही. बरोबर. गारवा पाण्यानं येत नाही, पाणी उडून जाण्यानं येतो. बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन हवेत मिसळणं) होताना उष्णता खर्च होते, आणि ती आपल्या अंगातून घेतली जाते. अंग घामानं गार होत नाही, घाम वाळल्यानं होतं.

मग मी दोन पट्ट्या काढल्या, एक सुती, एक सायकलच्या चड्डीच्या कृत्रिम धाग्याची. दोन्हींवर सारखंच पाणी टाकलं. सुती पट्टीनं ते पिऊन घेतलं. तिचे धागे स्वतःच पाणी पितात आणि फुगतात. दुसऱ्या पट्टीचे धागे पाणी पीत नाहीत, पण धाग्यांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणानं (अरुंद जागेतून पाणी आपोआप ओढलं जाणं) ते लांबवर पातळ पसरलं. पंख्यासमोर धरल्यावर ही पट्टी लवकर वाळली. सुती पट्टी ओलीच लोंबत राहिली.

"म्हणजे माही चड्डी ताडपत्रीवाला कूलर हाय," ऊर्वी हळूच म्हणाली.

एवढं कळलं की पुढचं सोपं असतं. घरी ढगळ सुती झगा घाला, वारा खेळतो, घाम थोडा, सगळं छान. सीटखाली मात्र वारा नाही आणि घाम पुष्कळ. ओली कातडी मऊ पडते, आणि ओल्या कातडीवर घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर सरकताना होणारा अडथळा) वाढतं. पायडल मारताना मांडी हजारो वेळा तिथंच घासते. कापूस वाईट नाही. त्याला नको त्या कामाला जुंपलं.

मग आम्ही कपाट उघडलं. तिनं सगळ्यांत जाड गादीची चड्डी उचलली. सगळेच उचलतात, मला त्याचाही कंटाळा आला आहे. जाड मऊ गादी दबते, गोळा होते आणि घाम धरून ठेवते. पातळ, सहज न दबणारी, बारीक छिद्रांची गादी घ्यावी. चड्डी उलटी करून आतून बोट फिरवायचं, जिथं शिवण टोचते ती नको. आत दुसरी चड्डी घालायची नाही, नाहीतर तिच्या शिवणी घासणारच. अंगाला चिकटून बसावी, पण पायाच्या कडेला वळ उठू नये. आणि आरशासमोर उभं राहून नाही, सायकलवर वाकून बसून बघायचं. तिसऱ्या चड्डीत ती नीट बसली. कातडी भरून येईपर्यंत सायकल बंद, असंही मी बजावलं.

ती मात्र जुनी सुती चड्डी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "आत्यानं रात्र रात्र जागून शिवली. तिले कसं सांगू? मी हेच घालून जाते," ती म्हणाली.

वंदनाआत्या तिला न्यायला आल्या तेव्हा टेबलावर दोन्ही चड्ड्या होत्या आणि ऊर्वी रडत होती. गप्प बसायचा मला कंटाळा आला होता. मी दोन पट्ट्यांचा प्रयोग पुन्हा केला आणि सगळं सांगून टाकलं, मांडीसकट. आत्यांनी ओली सुती पट्टी बोटांनी दाबली, पाणी टपकलं.

"मी जिल्ह्याले दुसरी आली होती सायकलीच्या शर्यतीत," त्या म्हणाल्या. "मंग सोडली. घरी सांगतलं, पाय दुखते. खरं कोणाले सांगाची सोय नव्हती, पोरी. तुले तरी मले सांगता आलं पाहिजे होतं." आणि त्यांनी ऊर्वीला जवळ ओढलं. नवी चड्डी त्यांनी स्वतःच उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. शिवणकामातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी दोऱ्याचं एक टोचणारं टोकही शोधून काढलं आणि तिथंच बसून ते नीट केलं.

तोवर कातडी भरून आली होती, आणि त्या रविवारी उन्हं चढायच्या आत सावरटोल्याहून निरोप आला. पेटी पोचली. आतला बर्फ अजून घट्ट होता. मामानं ऊर्वीला खुर्ची दिली आणि ती त्यावर सरळ बसली, हेही निरोपात होतं. ते कुणाला महत्त्वाचं वाटलं असेल, मला ठाऊक नाही. मला वाटलं.

सोमवारी मी नेहमीसारखा सीटवर घाम गाळत बसलो होतो. दार वाजलं. वंदनाआत्या एकट्याच आल्या होत्या. इकडंतिकडं पाहून त्यांनी दार लोटून घेतलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा सताड उघडलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बसोबा, माह्या मापाची हाय का एखांदी?"