शिवणखोलीतली टकटक

“अगं, जोरात ओढ! तुझ्या हातात घंटेचा दोर आहे की सुईतला दोरा?” तोफ ओरडली. आवाजच तसा, म्हणून नाव तोफ.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजवायची पाळी आज आजीबाईची होती. आजीबाई कोणाची आजी नव्हती. सातवीतलीच मुलगी, पण चष्मा आणि उपदेश दोन्ही जाड! सुट्टी लागल्यावर सगळ्या मुली घरी गेल्या, पण या तिघी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहिल्या होत्या. इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी झबली-टोपडी शिवायची सेवा त्यांनी आपणहून मागून घेतली होती. तिसरी ससुली. पाल चुकचुकली तरी जागच्या जागी उडायची, म्हणून ससुली.

घंटा तीनदा वाजली. आता मनात ‘नमो मारिया’ ही मारियामातेची प्रार्थना म्हणायची, मग पुन्हा तीन ठोके. मधल्या शांततेत ससुलीला भिंतीपलीकडून आवाज आला.

टक. टक. टक.

पुन्हा तीन ठोके पडले आणि पलीकडून पुन्हा तीनदा टकटक झाली. घंटेलगतची ती भिंत जुन्या इमारतीतल्या शिवणखोलीची होती आणि इमारतीला तर काल संध्याकाळीच कुलूप लागलं होतं!

“भू… भूत!”

“प्रार्थना म्हणणारं भूत?” तोफ खदखदून हसली. “मग त्याला चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर बसवू या!”

“हसू नका ना! सकाळच्या घंटेलाही ऐकलं होतं मी. हसाल म्हणूनच बोलले नाही.”

आजीबाईने चष्मा सावरला. “घंटेची रीत माहीत असलेलंच कोणीतरी असणार. पण इथे राहिलेल्या सगळ्या सिस्टर तर जेवणघरात आहेत. आणि शिवण शिकवणाऱ्या शिवणसिस्टर काल इतर काही जणींबरोबर मौनसाधनेला बाहेरगावी गेल्या.”

“गेल्या, हे पाहिलं कोणी?” ससुलीने विचारलं.

तिघी धावत सुटल्या. ड्रायव्हरकाका फाटकाजवळ गाडी धूत होते.

“शिवणसिस्टर? त्यांची बॅग मी पोचवली की! त्या इतर सिस्टरांबरोबर दुसऱ्या गाडीतून गेल्या असतील.”

“असतील? फोन करून विचारलंत?”

“मौनसाधनेच्या घरी फोन कोण उचलणार, बाळ?”

मुली तशाच परत जुन्या इमारतीकडे पळाल्या. दाराखिडक्यांच्या फटींना कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. वाळवी मारायला विषारी धूर सोडायचं यंत्र एव्हाना दारात येऊन उभं होतं, त्याची नळी आत गेली होती, आणि मुकादम तोंडावर फडकं बांधत होता.

“थांबा! आत माणूस आहे!”

“उंदीर असतील. काल कुलूप लावताना मी दारातून हाक मारली होती, ‘कोणी आहे का?’ कोणी ओ दिली नाही.”

“खोलीत जाऊन बघितलंत?”

“हाक मारली म्हणजे बघितल्यासारखंच! व्हा बाजूला.”

यंत्राचा खटका वर ओढायला त्याने हात पुढे केला. तोफेने मागचापुढचा विचार न करता सरळ खटक्यावर बसकण मारली!

“ए पोरी, ऊठ!”

“नाही उठत! मदरना बोलवा!”

जेवणघर मैदानाच्या पार पलीकडे होतं. मुकादम तोफेला उठवायला पुढे सरसावला तशी आजीबाई त्याच्या आडवी आली. घंटेचा दोर ससुलीपासून चार पावलांवर होता. अवेळी घंटा फक्त आग लागली तर वाजवायची, असा शाळेचा कडक नियम! आत खरोखरच उंदीर निघाले तर? मदर घरी पाठवून देतील. आणि उंदीर नसले तर? तिने दोर धरला आणि तीन ठोके दिले.

काहीच आवाज आला नाही.

“बघा! उंदीरसुद्धा नाहीत!” मुकादम म्हणाला.

ससुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “नमो मारिया…” ती पुटपुटली आणि तिने पुन्हा तीन ठोके दिले.

टक. टक.

तिसरी टकटक आलीच नाही. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. ससुलीने मात्र दोर सोडला नाही. ती रडत रडत वेड्यासारखी घंटा बडवत होती! मदर हातातला घास टाकून धावत आल्या, त्यांच्यामागून सगळ्या सिस्टर.

“आग कुठे आहे?”

“आग नाही, मदर! शिवणसिस्टर आत आहेत!”

मुकादमाच्या हातून किल्ली दोनदा पडली. शेवटी दार उघडलं. शिवणखोलीत उंच कपाटाशी स्टूल उलटं पडलं होतं, आणि भिंतीला टेकून शिवणसिस्टर बसल्या होत्या. पाय सुजून भोपळा झालेला, ओठ सुकलेले. त्यांच्या एका बोटात अंगुस्ताना होता, शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. मांडीवर मऊ कापडाचा तागा होता. झबल्यांना कापड कमी पडू नये म्हणून जाता जाता तो काढायला त्या स्टुलावर चढल्या होत्या.

पाणी पिऊन त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “काल यांनी हाक मारली तेव्हा माझं मौन सुरू झालं होतं. म्हटलं, दोन मिनिटांत बाहेर जातेच आहे, कशाला बोला! उतरताना पाय घसरला, डोकं आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा अंधार होता. मग मौनबिन सोडून ओरडले, पण घसाच बसला.”

मदरनी डोळे पुसले. “अहो सिस्टर, मौन देवासाठी असतं, कुलपासाठी नाही!” मग त्या मुकादमाकडे वळल्या. “आणि हाक मारणं म्हणजे बघणं नव्हे.” मुकादम मान खाली घालून उभा होता. त्याच्याशेजारी ड्रायव्हरकाकाही येऊन उभे राहिले होते, तेही तसेच.

“घंटा कोणी वाजवली?” मदरनी विचारलं.

“म… मी. नियम मोडला. मला फार भीती वाटत होती.”

मदरनी तिला जवळ घेतलं. “ती घंटा प्रार्थनेसाठीच आहे, बाळ. आज तू तिच्यावर सगळ्यात मोठी प्रार्थना वाजवलीस.” त्यांनी दुसऱ्या हाताने तोफेला आणि आजीबाईलाही ओढून घेतलं. “तुम्हा तिघींचा मला अभिमान वाटतो.”

“माझी बसायची जागा अजून दुखतेय त्या खटक्याने!” तोफ म्हणाली, आणि शिवणसिस्टरनाही हसू आलं.

संध्याकाळची घंटा ससुलीकडे आली. तिने तीन ठोके दिले आणि कान टवकारले.

वसतिगृहातल्या दवाखान्याच्या उघड्या खिडकीतून, पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगुस्ताना वाजला.

टक. टक. टक.