फरची कॉलर

लिफ्टचं दार उघडलं आणि तिचे पाय जागच्या जागी थिजले. आत एक भलामोठा झिपरा कुत्रा बसला होता, आणि त्याच्या मागे पांढऱ्या कोटातला एक तरुण उभा होता.

"या ना. ढग्या काही करत नाही."

"सगळे असंच म्हणतात…" ती पुटपुटली. लहानपणी एका कुत्र्याने तिच्या मनगटाचा लचका तोडला होता. तेव्हापासून नुसतं भुंकणं ऐकलं तरी ती रस्ता बदलायची. दादा तर अजूनही तिला भित्री भागूबाईच म्हणायचा.

तरुणाची नजर तिच्या हातातल्या टॅबवरच्या कोटाच्या चित्राकडे गेली. "गळ्याभोवती हे… पायपुसणं आहे का?"

"फर आहे ती!" ती फणकारली. तेवढ्यात दार मिटलं.

झोंबलं, कारण सकाळी ऑफिसात मॅडमही हेच बोलल्या होत्या. ती एका फॅशन कंपनीत कॉम्प्युटरवर कपडे घडवायची. रेशमाची चमक, लोकरीचा जाडपणा, सगळं हुबेहूब यायचं. फर मात्र हट्टाला पेटली होती. लांबी वाढवली की झाडू, कमी केली की ब्रश. आठवड्याभरात जमली नाही, तर कोट दुसऱ्या कुणाकडे जाणार होता.

शेवटी खरेखुरे केस बघायचं ठरवून ती तळमजल्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात शिरली. तिथला डॉक्टर म्हणजे लिफ्टमधला तोच तरुण.

"मला ढग्याचे केस बघायचेत. लांबून."

"लांबून काय दिसणार?" तो हसला आणि ढग्याच्या मानेवरचे केस त्याने बाजूला सारले. आत मऊ, दाट थर होता. वर लांब, राठ केस. खांद्यापाशी ते वळत होते, कानामागे त्यांचे झुपके झाले होते. "घाबरला की मानेवरचे उभे राहतात. धीर आला की आधी कडेचे बसतात, मग मधले."

तिने बोट पुढे केलं… मागे घेतलं… पुन्हा टेकवलं. फरमध्ये त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघंही ढग्याला विंचरण्यात उगाचच फार गढून गेले.

मग तिने पडद्यावर आधी आखूड, दाट थर वाढवला, त्यावर विरळ लांब केस सोडले, खांद्यावर त्यांची दिशा वळवली. मॅडमचा हात नकळत पडद्यावरून फिरला, तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

काम संपलं, तरी ती खाली जातच राहिली.

"बाहीची फर राहिलीय."

"त्या कोटाला बाह्या तरी किती?" तो डोळे मिचकावून विचारायचा.

एके दुपारी मात्र दवाखान्यात कुणीच दिसेना. आतल्या खोलीच्या काचेतून तिने पाहिलं. एक जखमी, तपकिरी कुत्रा टेबलावरून निसटून दात विचकत होता. डॉक्टर कोपऱ्यात अडकला होता. त्याच्या बाहीवर रक्त होतं.

"आत येऊ नका," तो हळूच म्हणाला. कुत्रा गुरगुरत त्याच्याकडे सरकला.

पळावंसं वाटत होतं. तरी तिने दार सरकवलं आणि उंबऱ्यातच खाली बसली. डॉक्टरने शिकवलं होतं तशी, तिरकी, नजर न भिडवता.

"हे बघ राजा," ती कुजबुजली, "मी तुझ्याहून जास्त घाबरलेय…"

कुत्र्याने मान वळवली. डॉक्टरचा हात पट्ट्याकडे गेला.

"थांबा. अजून नाही."

ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त कुत्र्याच्या मानेकडे बघत राहिली. कडेचे केस बसले. मधले अजून ताठ होते… मग तेही हळूहळू आडवे झाले.

"आता!"

पट्टा गळ्यात पडला.

कुत्रा पिंजऱ्यात गेल्यावर ती डॉक्टरच्या हातावरची चाव्याची जखम साबणाने धुऊ लागली.

"पळून का नाही गेलात?"

"पळणारच होते. पण तुला काही झालं असतं तर मी…" तिने जीभ चावली. "म्हणजे, तुम्हाला."

"आता मागे घेऊ नका."

तिने डोळे घट्ट मिटले. "तू मला आवडतोस. झालं! हे बोलायची भीती त्या कुत्र्याहून मोठी होती."

त्याने वाहता नळ बंद केला.

"मीही रोज ठरवायचो," तो म्हणाला. "आणि तू समोर आलीस की ततपप व्हायचं."

"बरं, आधी चल. तुला इंजेक्शन घ्यायला हवं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस ना? मला… सुईची फार भीती वाटते."

दिवसभर जनावरांना सुया टोचणारा माणूस! तिला हसू फुटलं. तिने त्याचा हात हातात घेतला, आणि रस्ताभर सोडला नाही.