झिजलेला टाक

न्हाऊन आल्यावर केवळाबाईनं देव्हाऱ्यातल्या ताटलीत हात घातला तर न्हायला जाताना काढून ठेवलेला टाक नव्हता! दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचं तोंड कोरलेला चांदीचा टाक जन्मभर गळ्यात घालायचा, ही रीत. आणि तिची सवत म्हणजे कोण, तर सख्खी थोरली बहीण कावेरी! बहिणीचं तीन वर्षांचं लेकरू पोरकं होऊ नये म्हणून तिनं मुखेडचं हे घर पत्करलं आणि स्वतःच्या पोटी मूल येऊ दिलं नाही.

तेच लेकरू, वैजनाथ, नांदेडहून चित्रकलेच्या कॉलेजातून सुट्टीला आल्यापासून आतून कडी लावून बसत होतं. गावातल्या बायकांनी त्याचे कान भरले असतील का? बहिणीच्या मरणावर टपलेलीच होती, असं सांगितलं असेल का? टाक त्यानंच नेला, दुसरं कोण नेणार! तिनं दार वाजवलं.

"टाक कुठाय, वैजू?"

त्यानं मूठ उघडली. "ह्याच्यावर आईचं तोंडच न्हाई! घरात तिचा एक फोटो न्हाई, आन् हाय तेवढंबी तू पुसून टाकलंस... मी तिला विसरावं म्हनूनच ना?"

"आरं, रोज राखेनं घासून पुजत होते मी!" केवळाबाईला हुंदका आवरेना. "अक्का काळी पडू नये म्हनून घासत होते रे..."

एकोणीस वर्षांच्या त्या पूजेनंच टाकावरचे नाकडोळे झिजून गेले होते! वैजनाथनं टाक तिच्या ओंजळीत ठेवला. त्याच्या पाठीमागं भिंतीला टेकवलेल्या चित्रात तो स्वतः होता आणि शेजारी पदर घेतलेली, चेहरा नसलेली एक बाई होती.

"आईचं कोनतंबी चित्र काढाया घेतलं तरी हितंच हात थांबतो," तो पुटपुटला.

केवळाबाई मात्र त्याचाच रंगवलेला चेहरा न्याहाळत होती. "ह्या भुवया, ही हनुवटी... वेड्या, ही अक्काच हाय! आरशात बघून तू तिलाच काढून राहिलास!"

"मंग आजवर सांगितलं का न्हाईस?"

"भ्याले रे! तिचं नाव घेतलं तर तू तिचा होशील, माझा ऱ्हानार न्हाईस..."

त्यानं तिला खाली बसवून तिच्या मांडीवर डोकं टेकलं. "सांग ना, माय. कशी होती ती?"

"लई तापट! तुला रट्टा द्यायची, आन् तुझ्याआधी तीच रडाया बसायची!"

वैजनाथ रडता रडता हसला. केवळाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली... अक्का अशीच हसायची, डोळे न पुसता.