चतुर्दशीचं पान

फोन आला तेव्हा कमळाकर परसदारी केळीचं पान हातात धरून उभा होता. पितृपक्षातली चतुर्दशी. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या थोरल्या भावाचं पान तो दरवर्षी याच दिवशी ठेवायचा आणि कावळे दरवर्षी त्याला ताटकळत ठेवायचे. खालापूर ठाण्यात तीस वर्षं हवालदारकी केली, पण कावळ्यांवर तिचा काडीचा परिणाम नव्हता.

"काका, आत्ताच्या आत्ता या!" पलीकडून हर्षला रडत बोलत होती. "भिवाजी आजोबांचा फोटो गेला. आईला डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत."

पान पत्र्यावर टेकवून कमळाकरने स्कूटर काढली.

भिवाजीची गोष्ट हर्षलाच्या गावात कुणाला ठाऊक नव्हती? दुसऱ्या महायुद्धात त्याच्या पलटणीची बोट दुरुस्तीसाठी मॉरिशसला लागली होती. त्याच्या आज्याचा भाऊ फार पूर्वी तिकडे उसाच्या मळ्यांवर गेलेला. भिवाजीने त्याच्या नातवंडांना हुडकून काढलं, चार दिवस पाहुणचार घेतला आणि सगळ्यांसोबतचा फोटो घरी पाठवला. पुढे ना पत्र आलं, ना माणूस.

फोटोत त्याच्या शेजारी कडेवर पोर घेतलेली एक बाई होती. गावाला तेवढं पुरे झालं. शिपाई पळाला, तिकडेच संसार थाटून बसला! बायको सोनुबाई मरेपर्यंत ठसठशीत कुंकू लावून 'येतील' म्हणत राहिली. लेक जानकीने 'पळपुट्याची पोर' हे शाळेत ऐकलं, सासरी ऐकलं आणि विधवा होऊन माहेरी आली तेव्हाही ऐकलं. आता ती, हर्षलाची आई, त्र्याऐंशी वर्षांची, मूत्रपिंडं निकामी होऊन खाटेवर पडली होती.

"कमळाकर," तो खाटेपाशी येताच तिने त्याचा हात पकडला. हाताला धरायचं बळ नव्हतं. "बा पळाला का रं? तेवढं कळू दे. मंग मी जाते."

कमळाकर भिंतीकडे वळला. खिळा जागच्या जागी, खाली फ्रेमच्या आकाराचा पांढरा चौकोन.

"कधी गेला?"

"परवा रात्री," हर्षला म्हणाली. "मॉरिशसच्या नातेवाइकांचा पत्ता मोबाईलवर लागला. जितेश म्हणून आहे. तो म्हणाला, भिवाजी आजोबा परत बोटीवर चढले, आमच्या आजीने फोटोमागे लिहिलंय. आईला ते पटेना. ती म्हणाली, कागद दाखव. म्हणून मी काल फ्रेम उघडणार होते."

"हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"घरातच. राकेशमामा आणि धोंडूआजी."

राकेश म्हणजे भिवाजीच्या धाकट्या भावाचा मुलगा. धोंडूबाई त्याची आई, वय शहाऐंशी.

"राकेश, तुला जमिनीच्या कागदावर जानकीबाईची सही हवी आहे म्हणे," कमळाकरने दारात उभ्या राकेशला विचारलं.

"हवी हाय," राकेश उसळला. "म्हणून फोटो चोरीन? फ्रेम उघडाया पक्कड मीच आणून दिली हिला. आन् परवा रात्री मी साजगावला पाळीवर होतो. इचारा कंपनीत."

कमळाकरने तिथूनच कंपनीत फोन लावला. राकेश खरं बोलत होता.

पाणी प्यायला म्हणून तो मागच्या पडवीत गेला. पत्र्यावर केळीचं पान होतं: भात, वरण, वडा, खीर. धोंडूबाई हात जोडून उभी.

"कुणाचं पान, आजी?"

"समद्या पितरांचं."

"त्यांचं उद्या, सर्वपित्रीला."

धोंडूबाई पानावरची माशी हाकलू लागली. मागून राकेशच म्हणाला, "घरचं पान अष्टमीला झालं. ह्ये आजचं आईचं येगळं. सोनुकाकी ठेवायची, ती गेल्यावर आई ठेवते. चाळीस वरसं झाली."

"राकेश, तुमच्या घरात कुणी मारामारीत, गोळीने, हत्याराने गेलंय?"

"छ्या! आमच्यात नाय कुणी."

कमळाकरने तांब्या खाली ठेवला. त्याने सगळ्यांना जानकीबाईच्या खाटेपाशी बोलावलं.

"फोटो चोरला नाही, लपवलाय," तो म्हणाला. "फोटोच नकोसा असता तर ऐंशी वर्षांत कधीच चुलीत गेला असता. हर्षला फ्रेम उघडणार म्हटल्यावर तो नाहीसा झाला. म्हणजे भीती आत दडलेल्या गोष्टीची होती. घरात दोघांनाच बेत ठाऊक. राकेश रात्री घरी नव्हता."

धोंडूबाईने पदर तोंडाला लावला.

"राहिलं कारण. ते पत्र्यावर सापडलं. चतुर्दशीचं पान शस्त्राने गेलेल्या माणसाचं. माझ्या भावाचं मी आजच ठेवून आलोय. या घरात तसं कुणीच गेलेलं नाही, तर सोनुबाई कुणाला जेवू घालत होत्या? त्यांना ठाऊक होतं, आपला नवरा लढाईत पडलाय. तसं कळवणारा पलटणीचा कागद त्यांनी फोटोमागे दडवला. आजी, कुठंय तो?"

धोंडूबाई उठली, तिने तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि फ्रेम बाहेर काढली.

"म्हातारी सासू आंथरुणाला खिळल्याली," ती रडत सांगू लागली. "थोरला ल्योक आधीच पटकीनं गेलता. दुसराबी गेला कळतं तर तिथंच संपली आसती. जाऊबाईनं कागद लपवला, पेन्शनीवर पाणी सोडलं आन् कुंकू तसंच ठेवलं. पंधरा वरसांनी सासू गेली. मंग कुंकू कसं पुसायचं? विधवा बाई सवाशीण म्हणून मिरवली, गावानं जिती ठेवली नसती. मरताना मला शपथ घातली. हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून मीच धाडली तिला. गावच्या बाया पाया पडल्या तिच्या. आता म्या कशी सांगू?"

हर्षलाने पकडीने फ्रेमच्या मागचा पत्रा उचकटला. फोटोच्या पाठीवर तारीख आणि शाईचं पुसट देवनागरी होतं: 'भिवाजीदादा आणि मी, त्याची बहीण. दादा उद्या बोटीवर जाणार.' आत चौपदरी घडी केलेला इंग्रजी कागद. तिने तो मराठीत सांगितला.

"ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आई. शत्रूशी लढताना. फोटोनंतर सात महिन्यांनी."

जानकीबाईने डोळे मिटले. कमळाकरला क्षणभर वाटलं, संपलं. पण ती बोलली.

"म्हातारीसाठी आय खोटं बोलली, ते कळलं मला. काकी, म्हातारी मेल्यावर तरी माझा इचार कुणी केला गं? ऐंशी वरसं मी बाला शिव्या घातल्या. तू दरसाल त्याला जेवू घातलंस, एकदा मला हाक नाय मारलीस?"

धोंडूबाई खाटेच्या पायाशी कोसळली.

"पान हाय का आजून?" जानकीबाईने विचारलं.

"आहे. कावळा शिवला नाही," कमळाकरने मागच्या दारातून पाहून सांगितलं.

"मला तिकडं न्या."

राकेश आणि कमळाकरने तिला खाटेसकट मागच्या दारात नेलं. तिने हात जोडायचा प्रयत्न केला, जमेना; धोंडूबाईने ते जोडून धरले.

"जेव रं बा," जानकीबाई म्हणाली. "चुकलं माझं. जेव."