दोन नंबरची पोच

लग्नाला महिनाच झाला होता. तासगावच्या घरात मी अजून विचारलं तेवढंच बोलत होते, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळायचा. त्या रात्री लाइट गेली आणि माझे चुलत सासरे, तात्या, कंदील घेऊन ओट्यावर बसले. तात्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. भुताची गोष्ट सांगण्याआधी ती घडलेली आहे असं ते एकदा सांगतात. दुसऱ्यांदा सांगितलं की मला संशय येऊ लागतो.

"घडलेली हाय," तात्या म्हणाले. "आपला कृष्णात. आष्ट्याचा. खात्यात माझ्या हाताखाली होता, मग कंप्युटरच्या लाइनीत गेला. खोटं रचायला डोकं लागतं, ते त्या गड्याकडं फक्त वायरीपुरतं हाय."

ज्ञानदा, माझी नणंद, शालीत आणखी आत गेली. निमिष, म्हणजे आमचे हे, भिंतीला टेकून हसत होते. मी लसूण सोलायला घेतला.

"यंदाचीच खंडेनवमी," तात्या म्हणाले. "नव्याण्णव सालची. त्या रात्रीची गोष्ट."

कृष्णात संध्याकाळी झेंडूची फुलं आणायला बाजारात निघाला होता. पिशवी हातात, चप्पल पायात. तेवढ्यात सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला. त्या दवाखान्यानं वर्षभरापूर्वी फलटणच्या एका लहान दवाखान्याशी लाइन जोडून घेतली होती. तिकडं काढलेला एक्स-रे कंप्युटरवरून इकडं यायचा, इकडचे मोठे डॉक्टर बघून सल्ला द्यायचे. आज फोटो येत नव्हता.

आणि आजच तो हवा होता. आकाराम नावाचा मेंढपाळ, ट्रकमधून मेंढरं उतरवताना मानेवर पडला होता. मान नुसती मुरगळली असेल तर जीपमध्ये घालून सांगलीला आणायचा. मोडली असेल तर जागचा हलवायचा नाही. जीपच्या एका धक्क्यात माणूस जायचा, किंवा जन्माचा लुळा पडायचा. त्याची बायको तिथं पायाशी बसलेली. हाडांच्या डॉक्टरीणबाई इथं सांगलीत फोटोची वाट बघत बसलेल्या.

"फोनवर विचारायचं की, मोडलीय का म्हणून," ज्ञानदा म्हणाली.

"तिथल्या डॉक्टरला कळत असतं तर सांगलीला कशाला पाठवला असता फोटो?"

कृष्णात पोचला तेव्हा दवाखान्यात सामसूम होती. कंप्युटरच्या खोलीच्या दाराशी रखवालदार केरबा बसलेला. आत दोन मोठी मशीनं आणि त्यांच्या पुढं नुकतीच बसवलेली एक चपटी पेटी. लोड बॅलन्सर म्हणतात तिला. येणारं काम दोन मशीनांत वाटून देणं एवढंच तिचं काम. दवाखाना बंद ठेवता येत नाही, म्हणून त्या लोकांनी मध्यम मार्ग काढला होता. एक नंबर कामाला ठेवलं आणि दोन नंबरला पूजेला बसवलं. प्लग काढलेला, वायर गुंडाळून वर ठेवलेली, हळदकुंकू, झेंडूची माळ. पेटीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

कृष्णातनं आधी फलटणला नुसतं नाव पाठवून बघितलं. गेलं, परत आलं. चार ओळी पाठवल्या. आल्या. मोठं काही पाठवलं की गायब. चूक झाली असाही निरोप नाही. जणू मधे कुणीतरी बसून फक्त मोठी पाकिटं ठेवून घेतंय.

त्याचा पहिला संशय केरबावर.

"केरबा, आत कोण आलं होतं? वायर कुणी हलवली?"

"आवं सायेब, आज खंडेनवमी," केरबा म्हणाला. "माजी काठीसुदिक पूजेला ठिवलीय. आज चोर आला तर त्याला उद्या ये म्हनायचं ठरवलंय. वायरीला कशाला हात लावू?"

कृष्णातचं समाधान झालं नाही. त्यानं दार आतून लावून घेतलं. वायर बदलली. तेच. मग पेटीचं पोट तपासायला बसला आणि त्याला कारण सापडलं. लाइनवरून मजकूर पाकिटं पाकिटं करूनच येतो. अशा प्रत्येक पाकिटावर ती आपलं आणखी एक पाकीट चढवायची. लहानाला फरक पडायचा नाही. मोठं फुगून वायरच्या मापाबाहेर जायचं. मग पेटीनं उलट कळवायला हवं, लहान करून पाठवा म्हणून. ती कळवत नव्हती. गुपचूप टाकून देत होती.

"म्हणजे भूत नाहीच," निमिष म्हणाले.

तात्यांनी कंदिलाची वात थोडी खाली केली.

कृष्णातनं फलटणला फोन लावला. तिकडं श्रद्धा नावाची मुलगी मशीनवर होती.

"श्रद्धा, फोटोचे बारीक तुकडे करून पुन्हा पाठव. आधीचा इथं पोचलाच नाही."

"पोचला की सर. मला पोच आली."

"कुणाकडून?"

"दोन नंबरकडून."

कृष्णातनं रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला. त्यानं पेटीचा पडदा बघितला. टाकून दिलेली पाकिटं... एकही नाही. सगळी दिलेली. दोन नंबरला.

तो हळूच वळला. दोन नंबर तिथंच. काळं. गुंडाळलेली वायर डोक्यावर. प्लग लोंबत.

"सर, आणि डॉक्टरांचा निरोपही आला ना. पडद्यावर. त्यामुळंच तर थांबलो. नाहीतर आकारामला उचललंच होतं जीपमध्ये घालायला."

"काय निरोप?"

"इंग्रजी अक्षरात आहे, पण मराठी. हलवू नका."

डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत होत्या. मधलं दार उघडं. त्या दिसत होत्या कृष्णातला. हातावर हात ठेवून बसलेल्या. त्यांनी अजून काहीच बघितलेलं नव्हतं.

"सर? ...सर, आहात ना?"

"तरी पाठव," कृष्णात म्हणाला. "बारीक करून. एक नंबरला."

फोटो आला. वरून खाली, एकेक पट्टी. आधी कवटी. मग जबडा. मग मान, बाजूनं घेतलेली. डॉक्टरीणबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"मोडलीय," त्या म्हणाल्या. "बरं झालं नाही हलवला. मीच जाते तिकडं. हा छापून द्या मला."

मग त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"फोन द्या इकडं... श्रद्धा, फोटो काढताना याची मान कुणी धरली होती?"

"कुणी नाही बाई. सगळे बाहेर होतो."

"नीट आठव."

"खोलीत तो एकटाच होता, बाई."

तात्या थांबले. आत फडताळाजवळ काहीतरी वाजलं. मांजर असावं. बघायला कुणी उठलं नाही.

"आकारामचं काय झालं?" मी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वाचला. गळ्याला पट्टा हाय अजून, पण चालतोय. मेंढरांमागं हाय फलटणकडं."

"आणि फोटो?"

"बाईंनी तिथं पोचल्यावर दोन्ही शेजारी शेजारी लावले. फलटणला काढलेली मूळ फिल्म, आणि सांगलीत आलेला. नंतर कृष्णातनं मलाही दाखवले. मी उजेडासमोर धरून बघितले, सूनबाई. एकदा न्हाई, तीनदा."

ते गोष्ट घडलेली आहे असं दुसऱ्यांदा म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत.

"फलटणच्या फिल्मवर नुसती मान हाय," तात्या म्हणाले. "सांगलीच्या फोटोत तिला एक हात हाय. हाडांचा. चार बोटं मानेमागं, आधार दिल्यासारखी..."

"आणि अंगठा?" मी विचारलं.

"गळ्यावर."