मधलीचं माप

या, असे जवळ येऊन बसा. मागे टेकून ऐकायची ही गोष्ट नाही आणि घसा ताणून सांगायचीही नाही. देवाचं नाव घेतो, आवाज खाली आणतो आणि एका शिंप्याच्या घरात तुम्हाला नेतो. चपला बाहेर काढा. टाचण्या सांडलेल्या असतात, जपून पाय टाका.

शिंप्याला जग मास्तर म्हणतं, तसं यांनाही म्हणायचं. पुढच्या खोलीत दोन यंत्रं, कापायचं लांब टेबल, उंच आरसा. मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली. यंत्राच्या आवाजाची घरातल्यांना एवढी सवय की तो थांबला तर झोपलेलं माणूस दचकून उठायचं. सण तोंडावर आला की सगळं गाव या दारात लोटायचं. गावाच्या अंगावर नवे कपडे चढायचे आणि मास्तरांची पोरं जुन्याच कपड्यांत सण काढायची.

"दिव्याखाली अंधार म्हणतात ना," बायको म्हणायची, "तो बघायला लोकांनी आमच्या घरी यावं."

मास्तर ओठांत धरलेल्या टाचण्यांमधूनच हसायचे. "पुढच्या सणाला बघ. सगळ्यांना एका ताग्यातलं शिवतो आणि झोकात फोटो काढू. जुन्यात काय काढायचा?"

पुढचा सण, त्याच्या पुढचा सण. मुलं तीन: थोरला, मधली आणि पाळण्यातली धाकटी. मग एका वर्षी, सण आठवड्यावर असताना, मधलीला ताप आला. पाच वर्षांची पोर. टेबलावर परक्यांच्या कपड्यांचा ढीग तसाच राहिला आणि ती गेली.

तिचा एकही फोटो नव्हता.

बाबांनो, माणूस जातं तेव्हा रडू येतं, ते देवाने दिलेलं औषधच आहे. पण त्यानंतर एक गोष्ट होते, ती फार हळू होते आणि तिला औषध नाही. गेलेल्याचा चेहरा झिजतो. जितका आठवावा तितका झिजतो. सहा वर्षांनी एका दुपारी मास्तरांची बायको भांडी घासता घासता थांबली आणि विचारती झाली, "अहो, तिच्या भुवया जुळलेल्या होत्या का हो?"

मास्तरांना सांगता येईना. खांदे आठवत होते. मनगट आठवत होतं, मानेमागचा खळगा आठवत होता. शिंप्याची नजर आधी खांद्यावर जाते आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल तर तिथून वर जायला तिला सवड मिळत नाही. बायकोने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "या सणाला फोटो काढायचा. आता पुढचा सण नाही."

गावात नुकतीच एक फोटोवाली बाई आली होती. ती रंगवलेल्या पडद्यापुढे फोटो काढत नसे. उघड्यावर, झाडाखाली, उतरत्या उन्हात काढायची. बायको तिच्याकडे जाऊन दिवस ठरवून आली. मास्तरांनी फिकट पिवळा तागा काढला, त्यावर बारीक पांढरी पानं. आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकांना दार लावून घेतलं.

या घराची एक रीत होती. मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेली. घरच्या माणसाला मापाची फीत लावायची नाही, फीत परक्यांसाठी. घरच्याच्या खांद्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, की माप हातात उतरतं. तसंच मास्तरांनी केलं. थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो वाकला. "बाबा, गुदगुल्या होतात." धाकटीने तर उडीच मारली. मग कात्री चालू लागली. दोन शर्ट, एक पोलकं, धाकटीचा फ्रॉक. कात्री थांबली नाही. तागा संपला तेव्हा टेबलावर अजून एका फ्रॉकचे तुकडे होते, लांब बाह्यांचे. धाकटी त्यात दोनदा मावली असती. कापड असं नेमकं पुरलं होतं की चिंधीसुद्धा उरली नाही.

बायको मागून आली.

"हा कुणाचा?"

"चुकून कापला गेला."

"तुमच्या हातून? चुकून?"

तिने पाठीचा तुकडा उचलून हवेत धरला, जमिनीपासून किती वर येतो ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अकराव्या वर्षाला बरोबर बसेल," ती म्हणाली. मग तुकडे गोळा करताना म्हणाली, "तुरपाई मी करीन."

दोन दिवसांत पाचही कपडे खुंटीवर टांगलेले होते. सकाळी मास्तरांना पिवळ्या फ्रॉकच्या काखेत खडूची फुली दिसली. आता हे नीट ऐका. कपडा पहिल्यांदा अंगावर चढवून बघतात तेव्हा जिथे रुततं तिथे शिंपी फुली मारतो. फुली शिवणीवर नव्हती. शिवणीच्या एक बोट आत, जिथे माणसाची काख खरोखर येते, तिथे होती. अंगात कपडा असल्याशिवाय ती जागा सापडत नाही. आणि फुलीचा एक पाय लांब होता, मास्तर काढतात तसा.

"खडूला कुणी हात लावला?"

"मी नाही," थोरला म्हणाला. "मला बटण लावता येत नाही म्हणून तुम्हीच गावभर सांगता."

"मी पण नाही," धाकटी म्हणाली. "मी खडू खाते, लिहीत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. शिवण एक बोट उसवली आणि काख सैल केली. बायको दारात उभी होती. ती इस्त्रीत निखारे घालायला गेली.

फोटोच्या दिवशी घरात अशी धांदल की काय सांगू. थोरल्याचा भांग डावीकडून की उजवीकडून यावर वाद झाला आणि शेवटी तो मधूनच पडला. धाकटीच्या बुटांना पॉलिश लागलं, तिच्या नाकालाही लागलं. बायकोने अंघोळीचं पाणी काढलं तर एक बादली जास्त भरली. ती न्हाणीघरात वाफाळत राहिली आणि कुणी ती ओतून टाकली नाही. निघताना तिने तो फ्रॉक हँगरला लावला, वरून पांढरं कापड घातलं आणि हातावर आडवा घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

"आई, लोक काय म्हणतील?" थोरला पुटपुटला.

"म्हणू देत. लोकांचे कपडे तुझ्या बाबांनी शिवलेत. उसवायला किती वेळ लागतो?"

गावाबाहेर तळ्याच्या काठी उतारावर एकटं मोठं झाड होतं. फोटोवाली आधीच तिपाईवर कॅमेरा चढवून बसली होती. बोलकी बाई, हाताने सतत उजेड मोजणारी.

"या मास्तर. ताई, तुम्ही पाच जण म्हणाला होतात."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती गवताकडे पाहत होती.

"पाचवी येतेय," ती म्हणाली.

"लवकर यायला सांगा. मी थांबेन, हा उजेड थांबायचा नाही."

बायकोने फ्रॉकवरचं कापड काढलं आणि हँगर मागच्या खालच्या फांदीला अडकवला. मग सगळे जागेवर उभे राहिले. मास्तर एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, थोरला मागे, धाकटी पुढे गवतात. फांदी आता त्यांच्या पाठीशी होती. तळ्यावरून वारा येत होता. दूर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं, मग त्या हाका थांबल्या.

"मध्ये फार जागा राहतेय," फोटोवाली कॅमेऱ्यातून म्हणाली. "आत सरका."

मास्तर सरकले. बायको सरकली. आपण पाऊल उचललं हे मास्तरांना नक्की माहीत होतं, पायाखालचं गवत बदललेलं होतं. जागा तेवढीच राहिली.

"अजून थोडं. नको, राहू दे. राहू दे, आली वाटतं ती." फोटोवालीचा एक डोळा मिटलेला, दुसरा काचेला. आवाज अगदी रोजच्या कामातला. "थोरले, मान सरळ. धाकटे, दात दिसू देत. मधले, खांदा सैल सोड बाळ. मास्तर, तिच्या खांद्यावर हात ठेवा की. परक्यासारखे काय उभे राहता?"

थोरल्याचा श्वास मास्तरांना मानेवर जाणवला. मग तो थांबला.

"कुणी हलायचं नाही."

मास्तरांनी हात उचलला आणि मधल्या रिकाम्या जागेत खाली आणला.

तो खाली गेला नाही. टेकला.

कापडाखाली ऊब होती.

आणि मास्तरांनी काय केलं, माहीत आहे? मान वळवली असती तर चेहरा दिसला असता. सहा वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता तो चेहरा, हातभर अंतरावर. पण घरच्या माणसाच्या खांद्यावर तळहात ठेवला की त्या घरातला शिंपी काय करतो? वडिलांनी शिकवलं होतं, तेच त्यांनी केलं.

डोळे मिटले.

माप हातात उतरलं. मानेचा खळगा तोच. खांदा दोन बोटं वाढलेला. काख आता नीट बसली होती. फक्त पलीकडची बाही मागे ओढल्यासारखी वाटत होती, शिवण त्या बाजूला ताणलेली. कापताना चुकलं, त्यांना वाटलं. घरी गेल्यावर सैल करू.

बटण दाबल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा हात हवेत होता. बायकोची मान वळलेली होती आणि ती हसत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं ते तसंच. फ्रॉक मागच्या फांदीवर होता. मास्तरांनी तो उतरवला तेव्हा काखेत ओलसर लागला, दिवसभर खेळून आलेल्या मुलाचा असतो तसा.

वाटेने थोरला पुढे पुढे चालत राहिला, धाकटीला पाठुंगळी घेऊन, एकदाही मागे न बघता.

"पाहिलंस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"पाहिलं. जुळलेल्याच आहेत भुवया." काही पावलं चालल्यावर ती म्हणाली, "तुम्ही?"

मास्तरांनी उजवा तळहात उघडून पाहिला. तिला ते कळलं. बाईमाणसाला कळतंच. तिने त्यांचा तो हात, उजवा, आपल्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आठवड्याने फोटो आला. फोटोवाली स्वतः घेऊन आली, चेहरा पाडून. "माफ करा मास्तर. उजेड काय सुंदर पडला होता, आणि तुमचे डोळे मिटलेले. शिवाय मधली ऐन वेळी आईकडे वळली, नुसता कान आणि वेणी आली. पुन्हा काढून देते, पैसे नकोत. तिला घेऊन या कधीही."

"बघू," मास्तर म्हणाले.

फोटो आरशाशेजारी लावला. खरंच, चौघांच्या मधोमध ती उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, पाठमोरी म्हणावी इतकी आईकडे वळलेली. मास्तर जाता येता बघायचे. चेहरा दिसत नाही म्हणून जीव कळवळायचा, आणि खांदा दिसतो म्हणून निवायचाही. देवाने एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने झाकून ठेवलं. तक्रार कुणाकडे करायची?

एकदा भर दुपारी, दुकान रिकामं असताना, सुईत दोरा ओवायचा जाड चष्मा लावून ते फोटोजवळ गेले. पलीकडची बाही का ओढली गेली ते त्यांना पाहायचं होतं. कापण्यात चूक नव्हती. मधलीचा तो हात मागे गेला होता, थोरल्याच्या सावलीत. आणि तिचं मनगट कुणीतरी धरलेलं होतं.

थोरल्याचे दोन्ही हात खिशात होते. बायकोचे धाकटीच्या खांद्यांवर, मास्तरांचा डावा अंगालगत सरळ. हा हात मोठ्या माणसाचा होता, शांत, पकडीत घाई नव्हती. पण फ्रॉकच्या बाहीला बोटांखाली चुण्या पडल्या होत्या. त्या हातालाही बाही होती. फिकट पिवळी, त्यावर बारीक पांढरी पानं. पुढे सगळी सावली.

मास्तर मागच्या खोलीत गेले. बायको धाकटीच्या फ्रॉकचं बटण लावत बसली होती.

"तिच्यासोबत कुणी होतं," ते म्हणाले.

"हो." तिने मान वर केली नाही. "ती माझ्याकडे वळली ना, तेव्हा ते पण थोडं वळलं."

"मग तू तिला थांब का नाही म्हणालीस?"

तिने दोरा दाताने तोडला. "त्यालाच विचारून आली होती ती, परत जायच्या बोलीवर."

यापुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी सांगत नाही. फोटो परत काढला नाही एवढं खरं. आता उठाल, घरी जाल. आपापल्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवाल तेव्हा डोळे उघडे ठेवा, आणि त्या मधलीची एकदा आठवण काढा. आणि जमलं तर, तिचा हात ज्याने धरलाय त्याचीही काढा. तो कोण, ते आपल्याला ठाऊक नाही. पण लेकरू त्याच्यापाशी आहे.