शेजारची सीट

गाडी दिसायच्या आधी तिचं किंचाळणं ऐकू आलं. चींऽऽ करत ती कोपऱ्यावरून वळली आणि आमच्या गॅरेजसमोर थांबली. लांबलचक, पांढरी, मागच्या काचांना पडदे... शववाहिका! बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उठून सरळ रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहिलं.

ड्रायव्हर उतरला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा पडलेला.

"मिस्त्री कुठायत?"

"मीच." बाबांचे गुडघे गेल्यापासून गॅरेज मीच बघत होते.

"हा आवाज बंद करा हो... सकाळी घरची मंडळी रडत होती. मी गाडी सुरू केली, तर सगळे रडायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. एक नातू तर फिस्सकन हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!"

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार," मी म्हटलं. तो चमकला, आणि मग कसनुसा हसला.

"मागच्या गल्लीत घे ती," खुर्चीतून बाबा तुटकपणे म्हणाले.

गल्लीत उजेड कमी. आभाळ सकाळपासून भरलेलंच होतं. मी बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनच्या बेल्टवर लांबूनच बाटलीतलं पाणी उडवलं. आवाज दुप्पट झाला.

"अहो, वाढला की!"

"वाढला म्हणजे बेल्ट घसरतोय, सैल पडलाय. क्षणभर थांबून परत आला असता, तर पुली वाकडी म्हटलं असतं."

"म्हणजे दुखणं कळायला आधी आणखी रडवायचं..."

इंजिन बंद करून बेल्ट काढला. काचेसारखा गुळगुळीत झालेला, जागोजागी तडे. तो ताणून धरणारा टेन्शनरही बोटानं हलत होता. स्प्रिंग मेली होती.

"नुसता बेल्ट बदलला तर महिनाभरात परत याल."

"मग नुसता बेल्टच बदला," तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

मी दोन्ही बदललं. नवा टेन्शनर त्यानं पान्यानं मागे ओढून धरला, मी बेल्ट एकेका पुलीवर चढवला. शेवटच्या पुलीशी आमची बोटं एकमेकांना लागली. त्यानं झटकन हात मागे घ्यायला बघितलं —

"धरून ठेवा! सुटेल."

"तसं नाही... माझा हात लागलेला लोकांना आवडत नाही."

"माझा ग्रीसनं माखलाय. लोकांना तोही आवडत नाही."

त्यानं मान वर केली. मी मुद्दाम बेल्टकडे बघत राहिले... बेल्ट केव्हाच बसला होता.

नंतर तो येतच राहिला. गाडी लांब उभी करायचा, चालत यायचा. कधी वायपर, कधी आरसा, कधी काहीच नाही. आणि एक दिवस यायचा बंद झाला. तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी बाबांना विचारलं.

"मीच सांगितलं नको येऊ म्हणून," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "तुझ्या आईला असल्याच गाडीतून नेलं. ते मागचं दार लागलं ना... तो आवाज अजून कानात आहे, पोरी."

मला रागावता आलं नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिले. मग उठले आणि तो गाडी लावायचा त्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी गेले. तो गाडीत एकटाच होता. मी पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले.

"तिथं कुणी आपणहून बसत नाही," तो पुटपुटला.

"मी बसलेय."

"बाबा तुमचे..."

"त्यांच्याशी मी बोलेन. एका दिवसात ऐकणार नाहीत. तू यायचं थांबवू नकोस." तोंडातून 'तू' कधी निसटलं, कळलंच नाही.

तो काही बोलणार, तेवढ्यात वॉर्डबॉयनं काचेवर टकटक केली. मागचं दार उघडलं, स्ट्रेचर आत सरकलं. एक आजोबा काठी टेकत मागच्या बाकावर चढले, बायकोच्या उशाशी. सोबत दुसरं कुणीच नव्हतं. दार लागलं... बाबांच्या कानातला आवाज तो हाच.

"उतरतेस?" त्यानं हळूच विचारलं.

"चल."

वाटभर बारीक पाऊस काचेवर उतरत होता. स्मशानाच्या उतारापाशी आजोबा मधल्या खिडकीतून म्हणाले, "तुम्ही दोघं नेहमी बरोबर असता का?"

तो गडबडला. "नाही, म्हणजे... ह्या..."

"हो," मी म्हटलं.

स्टिअरिंगवरची त्याची बोटं थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फक्त गाडी आणखी हळू केली.

"बरं आहे," आजोबा म्हणाले. "सोबत असावी."